नऊ सेकंद आधी आलेला उपग्रह: सौरवादळानंतरच्या एका पासचा प्रकरण अभ्यास

१३ मे २०२४ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास पुण्यावरून गेलेल्या एका लहान संशोधन उपग्रहाचा सिग्नल आमच्या गटाने नेहमीप्रमाणे पकडला. सिग्नल स्वच्छ आणि जोरकस होता, तरीही पासच्या (उपग्रह क्षितिजावर उगवून मावळेपर्यंतच्या काळाच्या) मधल्या सुमारे तीन मिनिटांत त्यातली एकही फ्रेम, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, डीकोड झाली नाही. उपग्रह क्षितिजापासून थोडाच वर होता आणि सिग्नल क्षीण होता तेव्हा मात्र, सुरुवातीलाही आणि शेवटीही, फ्रेम एकामागून एक मिळत होत्या. दूरचे नीट ऐकू यावे आणि जवळचे समजू नये, असा हा उलटा प्रकार होता. त्याचे कारण आमच्या गच्चीवरच्या यंत्रसामग्रीत नव्हते. ते तीन दिवसांपूर्वी पृथ्वीच्या वरच्या वातावरणात घडून गेले होते. त्या कारणापर्यंत आम्ही कसे पोहोचलो आणि हुकलेल्या फ्रेम कशा परत मिळवल्या, याची ही सविस्तर नोंद आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेतील उपग्रहांचा मागोवा घेणाऱ्या महाविद्यालयीन गटांना आणि हौशी रेडिओ चालकांना ती उपयोगी पडावी, अशी इच्छा आहे.

उपग्रह आणि स्थानक

हा उपग्रह एका परदेशी विद्यापीठाने बांधलेला तीन युनिटांचा क्यूबसॅट आहे, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर रुंद, तेवढाच जाड आणि ३० सेंटिमीटर लांब. त्याच्यावर वरच्या वातावरणातील विद्युतभारित कणांची घनता मोजणारे उपकरण बसवलेले आहे. त्या मोजमापांवर विद्यापीठाचे काम अजून चालू असल्यामुळे उपग्रहाचे नाव येथे दिलेले नाही, आणि पुढच्या युक्तिवादाला त्याची गरजही नाही. त्याची कक्षा सूर्य-समकालिक (रोज साधारण त्याच स्थानिक वेळी वरून नेणारी) असून उंची सुमारे ४९० किलोमीटर आहे. या उंचीवर उपग्रहाचा वेग सेकंदाला ७.६ किलोमीटर असतो आणि पृथ्वीभोवतीची एक फेरी ९४ मिनिटांहून किंचित अधिक वेळात पूर्ण होते. तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती साडेतेवीस अंशांहून थोडी अधिक फिरते. त्यामुळे एका फेरीत पुण्यावरून गेलेला उपग्रह पुढच्या फेरीत पुण्याच्या अक्षांशावरून सुमारे २,५०० किलोमीटर पश्चिमेला, अरबस्तानाच्या दक्षिण भागावरून जातो. परिणामी एका रात्रीत डोक्यावरून जाणारा चांगला पास बहुधा एकच मिळतो आणि तो दहा-अकरा मिनिटांत संपतो.

विद्यापीठाचे स्वतःचे स्थानक एकच आहे. दिवसभरातील पंधरा फेऱ्यांपैकी फार थोड्या फेऱ्या त्या स्थानकाच्या टप्प्यात येतात, आणि उपग्रहावरील साठवणुकीची जागाही मर्यादित आहे. म्हणूनच असे उपग्रह आपली मोजमापे हौशी रेडिओच्या पट्ट्यात उघडपणे प्रक्षेपित करतात आणि जगभरातले श्रोते त्या फ्रेम गोळा करून मूळ गटाकडे पाठवतात. पुण्यासारख्या, त्यांच्या स्थानकापासून फार दूरच्या रेखांशावरील एका पासमधून मिळालेल्या फ्रेम त्यांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळण्याची शक्यता कमी असते. तीन मिनिटांचा तोटा आम्ही इतका मनावर का घेतला, ते यावरून ध्यानात यावे. त्यातही ती मोजमापे सौरवादळानंतरच्या दिवसांतली होती आणि अशाच वादळांचा परिणाम टिपण्यासाठी हे उपकरण वर पाठवलेले होते.

आमचे स्थानक धायरी परिसरातील एका इमारतीच्या गच्चीवर आहे. रोटेटरवर बसवलेले दोन एकमेकींना छेदणारे यागी अँटेना, अँटेनाच्या मुळाशीच जोडलेला लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायर, तिथून खाली येणारी केबल, एक एसडीआर रिसीव्हर (सिग्नलवरची प्रक्रिया सॉफ्टवेअरने करणारा रेडिओ) आणि एक लॅपटॉप, एवढीच सामग्री आहे. आग्नेयेला कात्रजचे डोंगर आणि नैर्ऋत्येला सिंहगडाची रांग असल्यामुळे त्या बाजूंचे क्षितिज काही अंश झाकलेले राहते, उत्तरेकडे मात्र बऱ्यापैकी मोकळीक आहे. उपग्रह ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास, सेकंदाला १,२०० बिट या गतीने, बीपीएसके पद्धतीने प्रक्षेपण करतो. या पद्धतीत लहरीची कला (फेज) उलटवून बिट पाठवले जातात. वाहक लहरीची वारंवारता अपेक्षेपेक्षा काही शे हर्ट्झ इकडेतिकडे झाली, तरी आमच्या डीकोडरला ती पेलते. त्यापलीकडे गेली, की सिग्नल कितीही मोठा असला तरी बिट हाती येत नाहीत. पुढील सगळे प्रकरण या मर्यादेभोवती फिरते.

अंदाज कशावर उभा असतो

उपग्रह कोणत्या क्षणी कुठे असेल हे आपण बघत नाही, तर आधीच काढून ठेवतो. त्यासाठी टीएलई, म्हणजे दोन ओळींचा कक्षासंच, वापरला जातो. अमेरिकेचे अंतराळ दल रडार आणि दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून हे संच तयार करते आणि ते सर्वांसाठी खुले असतात. त्या दोन ओळींमध्ये कक्षेचा कल, दिवसाला होणाऱ्या फेऱ्या, हवेच्या रोधाचा अंदाज सांगणारा बी-स्टार नावाचा आकडा आणि संच ज्या क्षणासाठी बरोबर आहे तो क्षण, अशी माहिती असते. हा शेवटचा आकडा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. आमच्या लॅपटॉपवरील संचात तो २४१३० ने सुरू होत होता, म्हणजे २०२४ सालचा १३० वा दिवस, अर्थात ९ मे.

वळवाच्या दिवसांत विजांच्या भीतीने गच्चीवरील केबल आणि नेटची जोडणी काढून ठेवण्याचा आमचा रिवाज आहे. त्यामुळे मधल्या काळात संच ताजा झालेला नव्हता. एरवी चार दिवस जुना संच ही काळजीची बाब मानली जात नाही. संचाच्या स्वतःच्या क्षणाला त्याची अचूकता साधारण एका किलोमीटरची असते आणि पुढे दिवसाला एक ते तीन किलोमीटर या गतीने चूक वाढत जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. या हिशेबाने चार दिवसांनी दहा-बारा किलोमीटरची चूक निघावी, आणि साडेसात किलोमीटरच्या वेगाला ती जेमतेम दीड सेकंद होते. आमच्या डीकोडरला ती सहज पचली असती.

लॅपटॉपवरील प्रणाली या संचावरून दोन कामे करते. ती अँटेनाला दिशा देते आणि डॉप्लर परिणामाची दुरुस्ती करते. उपग्रह जवळ येत असताना त्याची वारंवारता मूळ वारंवारतेपेक्षा वर सरकलेली ऐकू येते आणि तो दूर जाऊ लागला की खाली. ४३७ मेगाहर्ट्झवर हा फरक उगवताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तेवढाच खाली असतो. पण हा बदल सारख्या गतीने होत नाही. उपग्रह क्षितिजाजवळ असताना वारंवारता जवळजवळ स्थिर राहते आणि तो डोक्यावर आला की ती झपाट्याने कोसळते. या पासमध्ये उपग्रह क्षितिजापासून ६५ अंशांच्या आसपास वर चढणार होता आणि आमच्यापासूनचे त्याचे किमान अंतर सुमारे ५४० किलोमीटर असणार होते. त्या क्षणी वारंवारता सेकंदाला १४० हर्ट्झहून अधिक वेगाने घसरते. उलट अंतर २,००० किलोमीटर असताना ही घसरण सेकंदाला तीन-चार हर्ट्झपेक्षा जास्त नसते.

१३ मेचा पास

लोकसभेच्या मतदानाचा दिवस असल्यामुळे सगळ्यांना सुट्टी होती आणि गच्चीवर नेहमीपेक्षा जास्त मंडळी जमली होती. उपग्रह त्या वेळी पृथ्वीच्या सावलीत असल्याने डोळ्यांनी दिसण्याचा प्रश्न नव्हता; जे काही कळणार होते ते वॉटरफॉलवरूनच. वारंवारता आडवी आणि काळ उभा मांडून सिग्नलची तीव्रता रंगांत दाखवणारा हा पडद्यावरचा आलेख असतो. डॉप्लर दुरुस्ती बरोबर असेल तर त्यावर सिग्नलची रेघ सरळ उभी उतरते.

कात्रजच्या डोंगरांवरून उपग्रह वर आला आणि पहिली रेघ उमटली. फिकट होती पण सरळ होती, आणि पहिल्या काही फ्रेम लगेच डीकोड झाल्या. जसजसा तो वर चढू लागला तसतशी रेघ उजळ होत गेली. क्षितिजावरचे २,५०० किलोमीटरचे अंतर ५४० वर येते, तेव्हा मिळणारी शक्ती वीस पटींहून अधिक वाढते, त्यामुळे हे अपेक्षितच होते. पण उपग्रह तीस अंशांच्या वर गेल्यावर फ्रेमची यादी थांबली. आमच्या गटातील अभियांत्रिकीची विद्यार्थिनी लॅपटॉपवर होती. ती म्हणाली, “काका, सिग्नल काठोकाठ आहे, पण एकही फ्रेम पदरात पडत नाही.” गटातील ज्येष्ठ सदस्य दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहेत. ते म्हणाले, “कशालाही हात लावू नकोस. आधी नोंद पूर्ण होऊ दे.”

हा सल्ला पुढे निर्णायक ठरला. चालू पासमध्ये अ‍ॅम्प्लिफायरची पातळी कमी-जास्त करणे, वारंवारता हाताने सरकवणे, अँटेना हलवणे, हे सगळे मोह त्या तीन मिनिटांत होतात आणि प्रत्येक हालचालीबरोबर नंतरच्या तपासाचा एकेक पुरावा पुसला जातो. आमची प्रणाली डीकोडिंगबरोबरच रिसीव्हरकडून येणारा मूळ, दुरुस्ती न केलेला प्रवाहही आयक्यू स्वरूपात साठवते. तो जागा खूप खातो म्हणून अनेक गट तो बंद ठेवतात. माझ्या मते एखाद्या विशिष्ट पासला महत्त्व असेल तर तो बंद ठेवणे परवडत नाही.

उपग्रह उत्तरेकडे कलला आणि तीस अंशांच्या खाली उतरला तशा फ्रेम पुन्हा मिळू लागल्या, आणि तो मावळेपर्यंत मिळत राहिल्या.

संशय कुणावर

पास संपल्यावर चार शक्यता मांडल्या गेल्या. पहिली म्हणजे सिग्नल फार मोठा झाल्यामुळे रिसीव्हर भरून गेला असावा. आसपासच्या गच्च्यांवर मोबाइलचे मनोरे आहेत, त्यामुळे आमच्याकडे हा संशय नेहमीच पुढे असतो. परंतु रिसीव्हर भरला की वॉटरफॉलवर मूळ रेघेच्या दोन्ही बाजूंना खोट्या रेघा उगवतात आणि सगळी पार्श्वभूमी उजळते. तसे काहीही नव्हते. पार्श्वभूमी शांत होती आणि रेघ एकच होती.

दुसरी शक्यता ध्रुवणाची, म्हणजे लहर कोणत्या दिशेत कंप पावते त्याची. गरगरणाऱ्या उपग्रहाचा अँटेना आपल्या अँटेनाशी कधी जुळतो, कधी आडवा पडतो आणि सिग्नल ठरावीक अंतराने बुडतो. येथे मात्र सिग्नल बुडालाच नव्हता. विषुववृत्ताच्या जवळच्या आपल्या भागात सूर्यास्तानंतर आयनांबरामुळे (वरच्या वातावरणातील विद्युतभारित थरामुळे) सिग्नल लुकलुकतो तोही प्रकार तीव्रतेतील भराभर चढउतारांवरून ओळखता येतो. तीव्रतेचा आलेख गुळगुळीत होता, म्हणून या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या.

तिसरी शक्यता वारंवारतेच्या स्थिर चुकीची. रिसीव्हरच्या स्फटिकात दहा लाखांत एका भागाची चूक असली, तरी या पट्ट्यात ती ४३७ हर्ट्झ होते. पण अशी चूक पूर्ण पासभर सारखीच राहते. ती असती तर क्षितिजाजवळही फ्रेम मिळाल्या नसत्या, किंवा मध्यावरही मिळाल्या असत्या.

उरली चौथी शक्यता, ती म्हणजे वेळेची. वॉटरफॉल मोठा करून पाहिल्यावर तिला आधार मिळाला. दुरुस्ती केलेली रेघ दोन्ही टोकांना सरळ होती, पण मध्ये ती एकाच बाजूला, खालच्या वारंवारतेकडे वाकलेली होती. धनुष्याच्या पोटासारखा तो बाक सर्वांत खोल जागी सुमारे १,३०० हर्ट्झ भरत होता. आमच्या डीकोडरच्या मर्यादेच्या तो कितीतरी पलीकडे होता.

या आकाराकडे बारकाईने पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण त्यात जवळजवळ संपूर्ण निदान सामावलेले असते. उपग्रह अंदाजापेक्षा लवकर आला, तर प्रत्येक क्षणी त्याची वारंवारता प्रणालीच्या कल्पनेपेक्षा थोडी पुढच्या क्षणाची, म्हणजे अधिक घसरलेली असते, आणि जिथे घसरण सर्वांत तीव्र, तिथे फरकही सर्वांत मोठा. म्हणून मध्यावर एकच खोल बाक येतो. उपग्रह उशिरा आला तर बाक वरच्या बाजूला दिसेल. उपग्रह वेळेवर आला पण मार्गाच्या डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेला असला तर किमान अंतर बदलते, आणि मग रेघ आधी एका बाजूला आणि मध्य ओलांडल्यावर दुसऱ्या बाजूला वळते. आमच्या नोंदीत एकच बाक होता, तोही खालचा. १,३०० हर्ट्झला सेकंदाच्या सुमारे १४५ हर्ट्झने भागले की नऊ सेकंद येतात. उपग्रह नऊ सेकंद आधी आला होता.

नऊ सेकंदांत तो ६९ किलोमीटर जातो, म्हणजे आपल्याकडे पुण्याहून लोणावळ्याला जाण्याएवढे अंतर. आकाशात मात्र ५४० किलोमीटरवरून बघताना हा फरक सात अंशांचा होतो आणि आमच्या अँटेनाचा झोत त्याहून कितीतरी रुंद आहे. त्यामुळेच अँटेना उपग्रहाच्या मागे रेंगाळत असूनही सिग्नलची पातळी पडली नाही आणि चूक दिशेची असू शकते हे प्रथम कुणाच्या मनात आले नाही.

घड्याळ की कक्षा

नऊ सेकंदांचा फरक दोन ठिकाणांहून येऊ शकतो. एक तर लॅपटॉपचे घड्याळ तेवढे मागे असेल, किंवा उपग्रह खरोखरच पुढे गेलेला असेल. नोंदीतील बाक दोन्ही बाबतींत हुबेहूब सारखाच दिसतो, एका पासवरून त्यांना वेगळे करता येत नाही. लॅपटॉप काही दिवस नेटपासून तोडलेला असल्यामुळे घड्याळावरचा संशय रास्त होता. नेट जोडून पाहिले तेव्हा घड्याळात सेकंदाचा काही अंश एवढीच तफावत निघाली. परंतु जोडणी करताच प्रणालीने घड्याळ परस्पर दुरुस्त केले असण्याची शंका उरत होती, त्यामुळे एवढ्यावर थांबणे योग्य वाटले नाही.

म्हणून त्याच दिवशी, नेट जोडण्यापूर्वी साठवलेली नोआ मालिकेतील एका हवामान उपग्रहाची नोंद काढली. हे उपग्रह ८०० किलोमीटरहून अधिक उंचीवर फिरत होते आणि १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चित्रे प्रक्षेपित करत होते. त्याचा कक्षासंचही ९ मेचाच होता, लॅपटॉप तोच, घड्याळ तेच. चूक घड्याळाची असती तर त्याची रेघही वाकायला हवी होती. कमी वारंवारता आणि जास्त अंतर यांमुळे तो बाक लहान, अडीचशे हर्ट्झच्या आसपास असता, पण दिसला असता. रेघ सरळ होती. घड्याळ निर्दोष ठरले. उंचावरचा उपग्रह वेळेवर आणि खालचा आधी, या जोडीने पुढची दिशा दाखवली: कारण उंचीशी निगडित होते, म्हणजेच हवेशी.

नव्या उपग्रहांच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासावी लागते. एकाच प्रक्षेपकातून अनेक उपग्रह सोडले जातात तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत कोणता कक्षासंच कोणाचा हेच नक्की नसते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला, सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला, तेव्हा त्या एका उड्डाणात २० उपग्रह होते. फेब्रुवारी २०१७ मधील पीएसएलव्ही-सी३७ ने तर १०४ उपग्रह सोडले. एका ओळीत निघालेल्या अशा भावंडांपैकी भलत्याचाच संच हाती आला, तरी रेघेला असाच बाक येतो. आमचा उपग्रह जुना होता आणि ९ मेपूर्वीच्या पासमध्ये हाच क्रमांक व्यवस्थित जुळत होता, त्यामुळे ही शक्यता सहज निकालात निघाली.

१० मे रोजी काय घडले

मे २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात सूर्यावरील ३६६४ क्रमांकाच्या सक्रिय भागातून एकामागून एक वस्तुमान उत्सर्जने, म्हणजे विद्युतभारित वायूचे प्रचंड लोट, बाहेर पडली आणि त्यांपैकी काही पृथ्वीच्या दिशेने आली. भारतीय वेळेनुसार १० मेच्या रात्री साडेदहानंतर त्यांचा आघात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर झाला. त्यातून उद्भवलेले भूचुंबकीय वादळ जी-५ या सर्वोच्च श्रेणीचे होते. त्याआधी या श्रेणीचे वादळ ऑक्टोबर २००३ मध्ये आले होते. लडाखमधील हानले येथून आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसल्याची छायाचित्रे तेव्हा मराठी वृत्तपत्रांतही आली होती.

प्रकाशाचा हा देखावा ज्या ऊर्जेतून उभा राहतो तीच ऊर्जा उपग्रहांना खाली ओढते, मात्र आडमार्गाने. ध्रुवीय प्रदेशांत आत शिरणारे कण आणि तेथे वाहणारे विद्युतप्रवाह वरच्या वातावरणाला तापवतात. तापलेली हवा फुगते आणि काही तासांतच हा फुगवटा सगळ्या पृथ्वीभर पसरतो. ज्या उंचीवर एरवी हवा अत्यंत विरळ असते तिथे तिची घनता काही पटींनी वाढते. हवेचा रोध घनतेच्या प्रमाणात असल्यामुळे उपग्रहाची घसरणही तितक्याच पटींनी वाढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये याहून कितीतरी सौम्य वादळात, सुमारे २१० किलोमीटर उंचीवर नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ याच कारणाने गमावले गेले. ज्याच्या निरीक्षणांवर आपल्या पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेत काम चालते तो भारताचा खगोलीय उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट ६५० किलोमीटरवर आहे आणि तिथे हा परिणाम बराच कमी होतो; आमचा क्यूबसॅट या दोन उंचींच्या मधल्या पट्ट्यात येतो, शिवाय हलका आणि आकाराच्या मानाने मोठा असल्यामुळे रोधाला लवकर बळी पडतो.

रोधामुळे उपग्रह मागे पडायला हवा, मग तो आधी कसा आला, असा प्रश्न गच्चीवरही विचारला गेला. रोधामुळे ऊर्जा कमी होते, कक्षा लहान होते, आणि लहान कक्षेत उपग्रह अधिक वेगाने फिरतो व फेरीही लवकर संपवतो. म्हणून ज्याला हवा अडवते तो उपग्रह ठरल्या वेळेच्या आधीच येतो.

हिशेब कागदावर मांडला तेव्हा तो जुळला. ९ मेच्या संचाने गृहीत धरलेल्या नेहमीच्या घसरणीपेक्षा वादळाच्या सव्वा दिवसात उपग्रह अंदाजे २१० मीटर जास्त खाली आला असे मानू. २१० मीटर ही ४९० किलोमीटरपुढे नगण्य वाटणारी गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे एक फेरी केवळ पाव सेकंदाने लवकर संपते. परंतु ही पाव सेकंदे साठत जातात. वादळ चालू असताना दोन-अडीच सेकंद जमतात, आणि वादळ शमल्यानंतरच्या सुमारे पंचवीस फेऱ्यांत आणखी साडेसहा. बेरीज नऊच्या घरात जाते. यातून एक गोष्ट लक्षात येते की उपग्रहाची बहुतांश आघाडी वादळ ओसरल्यानंतर जमा झाली. ११ मेच्या रात्रीच्या पासमध्ये हाच जुना संच वापरला असता तर कदाचित काही जाणवलेही नसते. वादळाच्या बातम्या थांबल्यावर कक्षेतली चूक वाढत राहते, आणि म्हणूनच ती सहज नजरेआड होते.

दुरुस्ती

निदान झाल्यावर दुरुस्तीला फार वेळ लागला नाही, कारण मूळ आयक्यू नोंद शाबूत होती. त्या नोंदीवर डॉप्लरची दुरुस्ती पुन्हा चालवली, फक्त अंदाजाची वेळ पुढे सरकवून. पाच सेकंद सरकवल्यावर बाक निम्म्यावर आला, दहावर तो उलट्या बाजूला किंचित दिसू लागला आणि नऊच्या आसपास रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ झाली. लॅपटॉपजवळ बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर मधल्या रिकाम्या जागेत फ्रेम भरत गेल्या. सिग्नल तिथे सर्वांत जोरकस असल्यामुळे त्या फ्रेममध्ये चुकाही सर्वांत कमी होत्या. विद्यापीठाला पाठवलेल्या माहितीत या फ्रेमबरोबर मूळ नोंदीचा मधला भाग, वापरलेल्या टीएलईचा क्षण आणि लावलेले नऊ सेकंदांचे सरकवणे, या तिन्ही गोष्टी जोडल्या. फ्रेमवर वेळेचा शिक्का आमच्या घड्याळाचा आहे की अंदाजाच्या वेळेचा, हे ज्याला मोजमाप पृथ्वीवरील नेमक्या जागेशी जोडायचे आहे त्याला कळणे आवश्यक असते, कारण ६९ किलोमीटरची चूक कणांच्या घनतेच्या नकाशात तशीच उतरली असती.

दुसऱ्या दिवशी १३ मेचा ताजा संच घेतला आणि फरक एका सेकंदाच्या आत आला. येथे प्रकरण संपले असे वाटण्याचा धोका आहे, पण ते संपले नव्हते. टीएलई हा एका क्षणाचा फोटो नसतो, मागच्या काही दिवसांच्या निरीक्षणांना जुळवून तो काढलेला असतो. ज्या संचाच्या निरीक्षणांत वादळाचे तास येतात, त्याचा बी-स्टार त्या तासांतील प्रचंड रोधामुळे फुगलेला निघतो, आणि तो रोध पुढेही तसाच राहील असे धरून अंदाज केला जातो. हवा मात्र एव्हाना थंड होऊन खाली बसलेली असते. १२ मेचा संच मुद्दाम बाजूला ठेवून त्यावरून नंतरच्या आठवड्यातील पास तपासले, तेव्हा उपग्रह अंदाजापेक्षा उशिरा येत होता आणि रेघेचा बाक वरच्या बाजूला वळलेला होता. वादळापूर्वीचा संच उपग्रहाला मागे ठेवतो आणि वादळातला संच त्याला पुढे ढकलतो. म्हणून अशा आठवड्यात रोज ताजा संच घेणे भाग असते, आणि तो मिळत नसेल तर आदल्या पासच्या बाकावरून स्वतः काढलेले सेकंद त्या दिवसापुरते अधिक विश्वासार्ह ठरतात.

या पद्धतीला मर्यादाही आहे. एका स्थानकाच्या एका पासमधून मार्गावरील पुढे-मागेपणाचा एकच आकडा भरवशाने निघतो. उपग्रह किती मीटर खाली आला हे त्यावरून परस्पर ठरवता येत नाही. २१० मीटर हा आमचा जुळवलेला अंदाज आहे, मोजलेली गोष्ट नव्हे. सव्वा दिवसात २१० मीटर आणि दोन दिवसांत थोडे अधिक, या दोन्हींतून नऊ सेकंद निघू शकतात. वेगवेगळ्या रेखांशांवरील स्थानकांनी आपापले सेकंद एकत्र केले तर घसरण नेमकी केव्हा वाढली आणि केव्हा शमली, याचा आलेख काढता येतो. सॅटनॉग्ससारख्या खुल्या जाळ्यातील स्थानके रोज शेकडो पासांच्या नोंदी करतात आणि त्यांचे वॉटरफॉल कुणालाही पाहता येतात. ११ ते १५ मे या काळातील त्याच उपग्रहाच्या नोंदींमधील बाक मोजण्याचे काम आमच्या गटातील विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. स्थानकाच्या नोंदवहीत आता प्रत्येक पाससमोर कक्षासंचाचे वय आणि रेघेच्या बाकाची बाजू यांचे रकाने आहेत, आणि नोआच्या जागी घड्याळ तपासण्यासाठी दुसरा एखादा उंचावरचा उपग्रह निवडण्याचे काम बाकी आहे, कारण त्या मालिकेतील जुने उपग्रह २०२५ मध्ये सेवेतून काढण्यात आले.